गाडीवालीला सांगितलेला भाव

सेफ्रू, भट्टीची गल्ली
शुक्रवार, दुपारचं कुस्कुस झाल्यावर

आदरणीय, आमच्या डोक्यावरचा मुकुट, लल्ला बतूल यांना धाकटी भावजय रहीमो हिचा सलाम. उजव्या हाताचं चुंबनही, हात पुढे केलात तर.

तुमची साखर आता कशी आहे? गुडघा काय म्हणतो? छतावरच्या कोंबड्या अंडी देतायत ना? इख्लास सासरी रमली असेल, अल्लाह तिची ओटी लवकर भरो. जावई नौफल यांना आमचा सलाम सांगा (त्यांच्या गाडीचं पुढे येणार आहे, तेवढा भाग त्यांना वाचून दाखवू नका). इकडचं म्हणाल तर पत्रात सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून सगळं ठीक आहे. फक्त तुमचे बंधू माझ्याशी बोलत नाहीत. तुमच्याकडच्या लग्नाहून परतल्यापासून ते स्वतःचा चहा स्वतः करतात. पुदिना न धुता टाकतात, साखर हाताला येईल तेवढी घालतात, आणि तो पाक माझ्यासमोर बसून असा पितात की जणू मीच त्यांना पाजतेय. एकाच थाळ्यातून जेवतो, पण मांसाचा तुकडा पूर्वीसारखा माझ्या बाजूला ढकलत नाहीत. तो मधोमध पडून राहतो. मीही उचलत नाही. शेवटी रात्री भांडी घासताना मी तो उभ्याने खाते आणि वर स्वतःलाच शिव्या घालते. विचारलं तर भिंतीकडे बघून म्हणतात, “माझी बहीण फोन उचलेपर्यंत या घरात मला काही बोलायचं नाही.” ईद तोंडावर आलीय. दर ईदला मेंढ्याचा खांदा फडक्यात बांधून ते तुमच्या दारी येतात. या वर्षी ते दार उघडणार की नाही हे तुम्हालाच ठाऊक, आणि मला ते कळल्याशिवाय झोप नाही. म्हणून हे पत्र.

फोन तुम्ही उचलत नाही. निरोप पाठवला तर त्यावर एकच खूण येते, दुसरी येतच नाही. शेजारणीचा मुलगा म्हणाला, खाला, तुला त्यांनी बंद करून टाकलंय. मला माणूस बंद करता येतो हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी आधीच पुष्कळजणी केल्या असत्या. आता राहिलं पत्र. मशिदीतल्या वर्गात अक्षरं शिकले त्याचा हा पहिला उपयोग, आणि बघा कशासाठी होतोय. मास्तरीण म्हणते, रहीमो, तू बोलतेस तसंच लिहितेस, आणि बोलतेस तर गालिचा झोडपल्यासारखं. तेव्हा कुठे जोरात लागलं तर ते हाताचं आहे, मनाचं नाही. पत्र तुमच्या ताज़ाच्या टॅक्सीवाल्याकडे देतेय. त्याला सांगितलंय, दार उघडलं नाही तर खिडकीतून टाक, खिडकी बंद असली तर कोंबड्यांना दे.

मी माफी मागायला बसलेय, लल्ला. पण मला त्याची सवय नाही (तुम्हाला माहीतच आहे, मी तुमच्या घरात आले तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या हातून फुटलेली सुरई मी तुमच्या आईच्या नावावर सांगितली होती). म्हणून आधी भाव कसा ठरतो ते सांगते. ते कळलं तर माझा गुन्हा लहान होणार नाही, पण त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते तरी दिसेल.

आपली पाव भाजायची भट्टी बंद पडली, घरोघरी गॅसच्या चुली आल्या, आमच्या गल्लीत कणकेचे गोळे घेऊन कुणी येईना. तुमचे बंधू गुडघे धरून बसले, वरून छत गळायला लागलं. मी आयुष्यभर सुई-धाग्याची बटणं केली, शिंप्याला मोजून दिली, त्याने मला मोजून दिलं. मग वियामने, माझ्या थोरल्या मुलीने, माझी बटणं लावलेल्या एका लांब जल्लाब्याचा फोटो काढून फोनवर दुकान मांडलं. बाई सांगेल त्या रंगाचं कापड, बाई सांगेल ती किनार, तिच्या मापाने शिवून, बसने पाठवून, माल हातात पडल्यावर पैसे. गिऱ्हाईकं आली. मग वियाम लग्न होऊन टँजिअरला गेली आणि दुकान माझ्या पदरात पडलं. जाताना सांगून गेली, “आई, फोटोखाली भाव लिही. सगळ्यांना एकच. कापडाचे इतके, किनारीचे इतके, शिलाईचे इतके, बटणांचे इतके, वरती तुझे थोडे.” मी म्हटलं, बरं बाई. आणि फोटोखाली लिहिलं, भाव खाजगीत विचारा. सगळेच तसं लिहितात. भाव उघड्यावर टाकायला ते काय वाळवण आहे?

कारण दारात गिऱ्हाईक आलं की भाव त्याच्यासोबत चालत येतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. पायात काय आहे. टॅक्सीतून उतरली की चढण चढून आली. कापडाला हात लावते तो दोन बोटांनी की अख्ख्या पंजाने. सोबत आई आहे का (आई असली की शंभर कमी, सासू असली की दोनशे जास्त, कारण सासूला स्वस्त वस्तू सुनेला दिलेली चालते पण चारचौघींत सांगायला चालत नाही). विधवा असेल, शिक्षिका असेल, हात फाटलेले असतील, तर आपणच कमी सांगतो, आणि ती कमी केलंस का म्हणून विचारत नाही, दोघींची अब्रू राहते. याला कुणी फसवणूक म्हणेल तर म्हणो. मला तो न्याय वाटायचा. अजूनही थोडा वाटतो, ते शेवटी बघू.

पण फोनवर पाय दिसत नाहीत, लल्ला. एक नाव दिसतं, तेही कसलं, “सहनशील”, “दोन चंद्रांची आई”, “माझ्या रबची गुलाम”. आणि एक गोल फोटो, हरभऱ्याएवढा. आता या हरभऱ्यावरून मी काय ओळखावं? पण ओळखायला तर हवं. म्हणून मी माझे नियम केले. गुलाबाचं फूल म्हणजे शाळामास्तरीण, पैसे वेळेवर देईल पण प्रश्न फार विचारेल, तिला मधला भाव. बाळाचा फोटो म्हणजे नवऱ्याला विचारून सांगते म्हणणारी, तिला आधीच जास्त सांगायचं म्हणजे नवऱ्याने कापल्यावर आपलं अंग उघडं पडत नाही. काबा असला की हाजीण, पैसा आहे पण द्यायच्या वेळी दुआच इतक्या देते की उरलेलं मागायला जीभ वळत नाही, तिला चढा. समुद्रावरचा मावळता सूर्य म्हणजे नवऱ्याने टाकलेली, तिला फुकटच्या जवळपास (अशा सहा निघाल्या, पुढे कळलं त्यातल्या कुणालाच टाकलेलं नाही, त्यांना फक्त समुद्र आवडतो). आणि गाडीचा फोटो, त्यातून परदेशी नंबरची, मोठी, पांढरी, म्हणजे फ्रान्स-बेल्जियमवाल्याची बायको, ऑगस्टात येणार, मिरवणार. तिला दुप्पट. दुप्पट सांगितलं नाही तर तिलाच संशय येतो.

मापांचं वेगळंच. बाई कमरेचं माप लग्नाआधीचं पाठवते. मी चार बोटं वाढवूनच कापायला सांगते, आणि जास्तीच्या कापडाचे पैसे किनारीत घालते. कुणी तक्रार केली नाही. कफ्तान बसला की बाई कमरेचा हिशेब विसरते.

रमजानच्या आधी मांजरवाली आली. गोलात एक मांजर, तेही रस्त्यावरचं, एक कान तुटका. आवाजी निरोपात रडली. आई नाही, बाप नाही, बहिणीचं लग्न आहे, तीन कफ्तान हवेत. माझं काळीज विरघळलं. कापडाच्या किमतीत दिले, बटणांचे धरलेच नाहीत. महिन्याभराने माझेच तीन कफ्तान फेजच्या एका बाईच्या दुकानाच्या पानावर लटकलेले, तिप्पट भावाने, खाली लिहिलंय, आमच्या कारागिरांच्या हातचं. मांजर तिचंच होतं. तेव्हापासून माझ्या अंगात जे शिरलं ते तुमच्यावर निघालं. हे कारण म्हणून सांगत नाही. तुम्ही विचारलं असतंत ना, की बाई गं तुला झालं तरी काय, म्हणून सांगतेय.

त्याच आठवड्यात गाडीवाली आली. पांढरी गाडी, पुढे फितींचा गुच्छ. नाव “पूर्वेची राणी”. हिरवा कफ्तान हवा, मेंदीच्या दिवसाचा, सोनेरी किनार, बटणं हातचीच. भाव काय? असल्या कफ्तानाचे मी कुणाकडूनही दोन हजार दिरहम घेतले असते आणि खूश झाले असते. मी त्या गाडीकडे बघितलं, मला ते मांजर दिसलं, आणि मी म्हटलं साडेचार. फोन पालथा ठेवून दिला, म्हटलं आता शिव्या येतील. उत्तर आलं, “तुम्हाला योग्य वाटेल तसं, ताई.”

योग्य वाटेल तसं. लल्ला, आपल्या मुलखात कुणी असं म्हणतं का? माझ्या उभ्या जन्मात मी घासाघीस न करणारी बाई पाहिली नव्हती. मला रात्रभर चुटपुट लागली, की सहा का नाही सांगितले. सकाळी उठून मी कॉलरच्या बटणांचे वेगळे लावले. “बरं, ताई.” बाहीच्या आतल्या पट्टीचे वेगळे. “बरं, ताई.” तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, की पैसेवाला माणूस कधी इतका गप्प नसतो. काम मात्र मी चोख केलं. एकूण एक बटण या बोटांनी वळलंय, डोळे जाईपर्यंत.

आता जे लिहायचंय ते लिहिताना मी दोनदा उठून पाणी पिऊन आले. गाडीवालीच्या नावाने तुम्ही निरोप लिहून पाठवत होतात (इख्लासच्या बोटांनी, ते मला आता कळलं), आणि मी आवाजी पाठवत होते, कारण मला लिहायचा कंटाळा. म्हणजे ते सगळं तुम्ही ऐकलंत. “माझ्या हरिणी, माझ्या डोळ्यांच्या काजळा” हे ऐकलंत. मध्येच मी तुमच्या भावावर ओरडले, “पाय आवर, रेशमावर ठेवलायस,” तेही ऐकलंत. आणि पार्सल ताज़ाच्या बस-कचेरीत पाठवायचं कळल्यावर मी जे बोलले ते तर मी स्वतः परत लावून ऐकलं परवा. “ताज़ा? तिथे माझी नणंद असते, तिच्या मुलीचं लग्न आहे, पण ती काय माझ्याकडून कफ्तान घेते. नवरी सजवणारीकडून भाड्याने आणत असतील, दहा जणींनी घामेजलेला. परिस्थितीच तशी आहे बिचाऱ्यांची.” त्यावर तुमचं उत्तर, “अल्लाह सर्वांचं भलं करो, ताई.”

ताज़ामध्ये काय तुम्ही एकट्याच राहता? मला कसं कळावं? असं मी स्वतःशी खूप भांडले. पण खरी गोष्ट ही की मला तुमचा राग आला होता. तुमच्या मुलीचं लग्न, सेफ्रूत तुमची सख्खी भावजय कफ्तान करते, आणि तुम्ही मला एका शब्दाने विचारलं नाहीत. म्हटलं, बघा, लाज वाटते आमच्या हातचं घालायची. बसमध्ये बसून ताज़ाला येईपर्यंत मी तुमच्या भावाच्या कानाशी हेच कुरकुरत होते. ते खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांनाही काही माहीत नव्हतं, हे त्यांच्या बाजूने सांगते.

दारात तुम्ही मला मिठी मारलीत आणि मी पहिलं काय बोलले? “लल्ला, मनगट रिकामं? सोन्याचं कडं नजर लागू नये म्हणून लपवलंत वाटतं.” तुम्ही हसलात. म्हणालात, “साबणाने निसटतं गं हल्ली.”

मग मेंदीची दुपार. खोलीभर बायका, बदामाच्या करंज्या, आणि मी मधोमध, कारण मला गप्प बसवत नाही. तुमची शेजारीण फादमा म्हणाली, “रहीमो, तुझं ते फोनवरचं दुकान चालतं का गं?” आणि मी सुरू झाले. गुलाब सांगितला, काबा सांगितला, समुद्र सांगितला. काबावर तर एक हाजीणच इतकी हसली की तिच्या चहात करंजी पडली. मग गाडीवाली. माझाच आवाज काढून दाखवला, हरिणी, काजळ, सगळं. फादमा म्हणाली, “आणि तिने कमी कर म्हटलंच नाही?”

“एका शब्दाने नाही. मी तर बाहीच्या आतल्या पट्टीचे पण लावले.”

“आतल्या पट्टीचे?”

“दिसतही नाही ती. पुढच्या वेळी हवेचे लावणारेय, आत हवा खेळते म्हणून.”

खोली हसून हसून लोळत होती. आणि दार उघडलं. इख्लास आत आली, हिरव्या कफ्तानात.

मी माझं काम ओळखलं. आई लेकराला ओळखते तसं नाही, चोर फौजदाराच्या टेबलावरची वस्तू ओळखतो तसं. हसू एकदम बंद झालं नाही, एकेकीचं बंद झालं, आधी पुढच्या रांगेतल्यांचं, मग मागच्यांचं, कारण मी किनारीचा रंग, कॉलर, बाही, सगळं सगळं वर्णन करून सांगितलं होतं. बहिरी खाला तहरा तेवढी जीभ हलवून आनंदाची किलकारी देत राहिली, एकटीच, आणि तिला वाटलं बाकीच्यांचा घसा बसलाय. तुम्ही इख्लासची बाही सारखी करत होतात. बटणावर तुमचं बोट थांबलं. मग मान वर न करता म्हणालात, “रहीमो, चहा घे. गार होतोय.”

मी घेतला. त्याची चव मला आजवर आठवत नाही.

बाकीचं मला परतीच्या बसमध्ये कळलं. इख्लासने निघताना मामाला अंगणात बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि मामाने मला सांगितलं, ते त्यांचं शेवटचं बोलणं. की गाडी नौफलची नाही, ते लग्नाच्या भाड्याच्या गाड्या चालवतात, फोन त्यांचा, फोटोही त्यांनी कामासाठी लावलेला. की आईने फोन मुद्दाम परका घेतला. कारण कफ्तान उघड मागितला असता तर तुमचे बंधू म्हणाले असते, बहिणीकडून पैसे कसले घ्यायचे, आणि मीही वरवर म्हटलं असतं, लल्ला, तुमच्या मनाला येईल ते द्या, आणि तुम्ही दिलं असतंत तर आम्ही ते घेतलं नसतं, आणि भट्टीवरचं छत गळतच राहिलं असतं. आपल्यात नात्याच्या माणसाला भाव सांगता येत नाही. म्हणून नात्याच्या माणसाला पैसे द्यायचे तर परकं व्हावं लागतं. तुम्ही झालात. कडं विकून झालात. आणि मी तुम्हाला परक्यासारखंच वागवलं, तिथे मी काहीच कमी पडले नाही.

तुमचे बंधू बसमध्ये म्हणाले, “तिने तुला विचारलं नाही म्हणून तू तोंड वाकडं करत होतीस. तिने तुलाच विचारलं होतं, रहीमो. तुझ्याशिवाय कुणालाच विचारलं नव्हतं.” मग खिडकीकडे वळले, ते अजून वळलेलेच आहेत.

मी पैसे परत पाठवायचे म्हटलं. माझ्याकडे नाहीत, पण उसने आणून पाकिटात घातले. त्यांनी पाकीट बघितलं आणि भिंतीला म्हणाले, “बहिणीने दिलेलं परत करणारी माझी बायको नाही, दुकानदारीण आहे.” पाकीट मी जिथून आणलं तिथे देऊन आले. तुमचं कडं आमच्या छतात आहे, लल्ला. परवा पाऊस झाला, एक थेंब आला नाही. मी खाली बसून वर बघत होते आणि मला वाटलं, गळलं असतं तर बरं झालं असतं, निदान उठून भांडं लावायला काहीतरी काम मिळालं असतं.

वियामला फोनवर सगळं सांगितलं. तिला हसू आलं, मग रडू आलं, मग तिने मला यादी करून दिली, कापड इतकं, किनार इतकी, शिलाई, बटणं, वरती माझे. ती मी आता फोटोखाली लावलीय. उघड्यावर. सगळ्यांना एक, गुलाबाला तोच, काब्याला तोच. धंदा निम्म्यावर आलाय. एक बाई म्हणाली, भाव लिहून ठेवलाय म्हणजे मालात खोट असणार. दुसरी म्हणाली, “हा झाला लिहिलेला. खरा किती?” मी म्हटलं, हाच खरा. ती म्हणाली, “मग इतके दिवस माझ्याशी घासाघीस करत होती ती कोण?”  आणि विधवांना, फाटक्या हातांच्या बायकांना आता कमी कसं सांगायचं, तेही मला कळत नाही, यादीत त्यांची ओळच नाही. म्हणून म्हटलं, मला तो थोडा न्याय वाटायचा. पण न्याय करायचा तर तोंड बघावं लागतं, आणि मी हरभरा बघून करत होते. एवढंच काय ते मला या सगळ्यातून कळलं. जास्त कळायला शाळा लागते.

माफ करा असं लिहायला मास्तरणीकडून खास शिकून आले. तिने फळ्यावर तीनदा लिहून घेतलं. इथे एकदाच लिहिते, म्हणजे ते त्या फळ्यावरचं वाटायला नको. माफ करा, लल्ला बतूल.

इख्लासच्या कपाळाचं चुंबन. कोंबड्यांना दाणे. तुमच्या आईच्या कबरीवर माझ्या वाटचं पाणी घाला, आणि सुरईचं तिला आता कळलं असेलच.

तुमची,
रहीमो

ता. क. तुमच्या भावाला हे पत्र माहीत नाही. त्यांनी सलाम सांगितलेला नाही, मीच त्यांच्या वतीने घालते. इतकी वर्षं त्यांच्या वतीने सगळं मीच बोललेय, हेही त्यातलंच धरा.

ता. क. दुसरा. वर मी लिहिलंय की एकूण एक बटण माझ्या हातचं. ते खोटं आहे. पुढची रांग माझी आहे, अल्लाहची शपथ. बाह्यांची बटणं बाजारातली आहेत, यंत्रावरची, पिशवीतून काढून टाचलेली. मला घाई झाली होती, आणि म्हटलं, गाडीवाल्यांना काय कळतंय. तुमचं बोट ज्या बटणावर थांबलं ते त्यातलंच. मी या घरात आले तेव्हा पहिलं बटण वळायला तुम्हीच शिकवलंत, माझी बोटं धरून, या भट्टीच्या उंबऱ्यावर. तेव्हा तुम्ही ज्याबद्दल रागावलात ते पैशाबद्दल नाही, हे मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि तरी मी वरची इतकी पानं पैशाबद्दलच लिहीत बसले. आता खरं मागणं सांगते. कफ्तान टॅक्सीवाल्याकडे द्या. बाह्यांची बटणं मी हाताने वळून पुन्हा लावते. इख्लासच्या पहिल्या बाळाच्या बारशाला ती तोच घालेल, तेव्हा बटणं वळणारी कुणी सेफ्रूची बाई तिचा हात हातात घेईल, बाहीच्या बटणाला बोट लावेल, आणि तिला कळेल.

ता. क. तिसरा. शेजारणीचा मुलगा आत्ता फोन दाखवून गेला. तुम्ही बंद केल्यापासून तुमच्या नावापुढचा गोल रिकामा आहे. गाडी नाही, फूल नाही, काही नाही, नुसता राखाडी.  याचा भाव मला ठरवता येत नाही. टॅक्सीवाल्याकडे नको. कफ्तान तुम्हीच घेऊन या.